ब्रेकमधला बुडबुडा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तिघे शिक्षक एका जुन्या मोटारीतून लोणावळ्याहून खोपोलीकडे खंडाळ्याचा घाट उतरत होतो. गप्पांच्या भरात गाडी वरच्या गिअरमध्येच होती आणि वेग आवरण्याचे सगळे काम ब्रेकवर पडले होते. घाटाच्या शेवटच्या टप्प्यात एका वळणावर ब्रेकवर पाय ठेवला आणि पट्टी कसलाच विरोध न करता थेट तळाला जाऊन टेकली. गाडी मात्र तशीच पुढे! खालचा गिअर टाकून, हाताचा ब्रेक हळूहळू ओढत कशीबशी गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासाने पुन्हा पाहतो तो ब्रेक पूर्ववत लागत होते.

दुसऱ्या दिवशी मेस्तरींनी सगळी चाके उघडून पाहिली. कुठे गळती नव्हती, काही तुटलेले नव्हते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं?’’ आम्हाला आठवेना. गाडी घेतल्यापासून बदललेच नव्हते, असे म्हणायला हरकत नाही.

जो ब्रेक काल लागला नाही, तो आज काहीही दुरुस्ती न करता कसा लागतो? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि पास्कल, बॉईल, उत्कलनबिंदू, तरफ अशी आपल्या पाठ्यपुस्तकातली कितीतरी मंडळी एकाच ठिकाणी भेटली. पुढे ब्रेकमधली हवा काढण्याचे काम आम्ही घरच्या घरी करायलाही शिकलो. त्या कामामागचे विज्ञान आणि कामाची रीत, दोन्ही येथे पाहू या.

पायापासून चाकापर्यंत

मोटारीत ब्रेकची पट्टी आणि चाक यांना जोडणारी दोरी किंवा साखळी नसते. असते ती द्रवाने भरलेली बारीक नळी. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याचा नियम. त्याचा द्रवांच्या संतुलनावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोटारीत हा नियम वापरात यायला मात्र अडीचशे वर्षे लागली. १९२१ मध्ये अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या मोटारीला चारही चाकांवर द्रवाने चालणारे ब्रेक बसवले गेले.

आता थोडे गणित करू. समजा, आपण पट्टीवर २०० न्यूटन बलाने पाय दाबला, म्हणजे साधारण २० किलो वजन ठेवल्यासारखे. ब्रेकची पट्टी ही एक तरफ आहे. तिच्यामुळे बल चौपट होऊन ८०० न्यूटन होते. आजच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या मदतीने चालणारे एक साहाय्यक उपकरण असते. ते हे बल तिप्पट करते असे धरले, तर २४०० न्यूटन झाले. हे बल मुख्य सिलिंडरमधल्या दट्ट्यावर पडते. दट्ट्याचा व्यास २० मि.मी. असेल तर त्याचे क्षेत्रफळ ३.१४ चौ.सें.मी. बलाला क्षेत्रफळाने भागले की द्रवातला दाब मिळतो. हा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ७५ पट भरतो.

तोच दाब चाकाजवळच्या मोठ्या दट्ट्यावर पडतो. त्याचा व्यास ५० मि.मी. धरा. व्यास अडीचपट, म्हणून क्षेत्रफळ सव्वासहापट, म्हणून बलही सव्वासहापट : १५,००० न्यूटन! वीस किलोंच्या दाबातून एकेका चाकावर दीड टन वजनाइतके बल मिळते. फुकट मात्र काहीच मिळत नाही. बल जितके पट वाढते, तितके पट अंतर कमी होते. पायाची पट्टी काही सेंटिमीटर खाली जाते तेव्हा चाकाजवळचा दट्ट्या मिलिमीटरच्या काही दशांशाइतकाच सरकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

करून पाहा

औषधाच्या दुकानातून ५ मिलिलिटर आणि २० मिलिलिटरच्या सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंजा आणि सलाइनच्या नळीचा हातभर तुकडा आणा. दोन्ही सिरिंजा आणि नळी पाण्याखाली भरून जोडा. आत एकही बुडबुडा राहू देऊ नका. एका विद्यार्थ्याला लहान सिरिंज आणि दुसऱ्याला मोठी द्या. दोघांनी एकमेकांविरुद्ध दाबायचे. लहान सिरिंजवाला सहज जिंकतो. दोन्हींचे आतले व्यास मोजून, बल किती पट झाले असेल, हे मुलांनाच काढू द्या.

आता नळी काढून तिच्यात बोटभर लांबीची हवा शिरू द्या आणि पुन्हा जोडा. लहान दट्ट्या दाबताना काय फरक जाणवतो? सुरुवातीला दट्ट्या मऊ लागतो, स्प्रिंगसारखा मागे येतो आणि मोठा दट्ट्या उशिरा हलतो. ब्रेकमध्ये हवा शिरली म्हणजे काय होते, ते विद्यार्थ्यांच्या अंगठ्यालाच कळते. मेस्तरी ज्याला ‘ब्रेक स्पंजी झाला’ म्हणतात तो हाच अनुभव.

बुडबुडा किती महाग पडतो?

पाण्यावर हवेच्या शंभरपट दाब दिला, तरी त्याचे आकारमान जेमतेम अर्धा टक्का कमी होते. ब्रेकच्या द्रवाचेही साधारण तसेच. हवेचे तसे नाही. बॉईलच्या नियमानुसार दाब ज्या पटीत वाढतो, त्याच पटीत हवेचे आकारमान कमी होते.

समजा, नळीत एकूण २ घ.सें.मी. हवा अडकली आहे. मोठ्या बोरापेक्षाही लहान असा हा बुडबुडा. द्रवातला दाब ७५ पट झाला की तो ०.०३ घ.सें.मी. इतका चिमुकला होतो, म्हणजे जवळजवळ नाहीसाच होतो. त्याने सोडलेली जागा भरून काढायला मुख्य दट्ट्याला २ भागिले ३.१४, म्हणजे सुमारे ०.६ सें.मी. जास्त सरकावे लागते. पट्टीच्या तरफेमुळे पायाला त्याच्या चौपट, म्हणजे अडीच सें.मी. जास्त जावे लागते. हवा ५ घ.सें.मी. असेल तर हेच अंतर सहा सें.मी.च्या पुढे जाते आणि ब्रेक लागण्याआधीच पट्टी तळाला टेकते. चाकाजवळचा दट्ट्या अगदी थोडा सरकतो, हे आपण वर पाहिले. त्याला सरकवायला लागणारा द्रवही थोडाच असतो. म्हणूनच एवढीशी हवा सगळा खेळ बिघडवू शकते.

ब्रेक ऑइल हे तेल नव्हे

बोलीभाषेत आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण आज बहुतेक गाड्यांत वापरला जाणारा द्रव तेल नसतो. सुरुवातीच्या काळात एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरत. आता ग्लायकॉल ईथर या वर्गातली रसायने वापरतात. पाण्यात यंत्राच्या तेलाचा थेंब टाकला तर तो तरंगतो, ब्रेकच्या द्रवाचा थेंब पाण्यात मिसळून जातो. हा प्रयोग शिक्षकांनीच करून दाखवावा, कारण हा द्रव विषारी आहे.

पाण्याची ही आवड केवळ मिसळण्यापुरती नाही. हा द्रव हवेतली वाफही शोषून घेतो. टाकीच्या झाकणाच्या छिद्रातून आणि रबरी नळ्यांच्या भिंतींतूनसुद्धा ओलावा आत शिरत राहतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. पाणी शिरले की उत्कलनबिंदू उतरतो. डब्यावर ‘डॉट ३’, ‘डॉट ४’ असे लिहिलेले असते, त्याचा संबंध या गुणधर्माशी आहे. डॉट ३ प्रकारच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरले असता तो किमान १४० अंश असला तरी चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. थोड्याशा पाण्याने ६५ ते ७५ अंशांचा फरक पडतो!

आता आमच्या घाटाकडे वळू. गाडी आणि माणसे मिळून १२०० किलो धरू. लोणावळा ते खोपोली उतार सुमारे साडेपाचशे मीटरचा. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला तर सुमारे ६५ लाख ज्यूल ऊर्जा होते. एवढ्या उष्णतेने २० लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. यातला काही भाग हवेचा आणि इंजिनाचा विरोध घेतो, पण गाडी वरच्या गिअरमध्ये असली की बराचसा वाटा ब्रेकच्या वाट्याला येतो. तो चाकाजवळच्या द्रवापर्यंत पोहोचतो.

गंमत अशी, की पाय दाबलेला असताना द्रव उकळत नाही, कारण तेव्हा दाब भरपूर असतो आणि दाबाखाली उत्कलनबिंदू चढतो. प्रेशर कुकरचे तत्त्वच ते. पाय उचलला की दाब एकदम उतरतो आणि तापलेल्या, पाणी शिरलेल्या द्रवात वाफेचे बुडबुडे तयार होतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ सुमारे १७०० घ.सें.मी. जागा मागते, तेव्हा काही थेंबांची वाफही पुरेशी होते. पुढच्या वळणावर पाय दाबतो तेव्हा तो या वाफेलाच दाबत असतो. अर्ध्या तासात चाके निवली, वाफेचे पुन्हा पाणी झाले आणि ब्रेक परत आले. बिघाड सापडला नाही, कारण तो विरघळून गेला होता! हाताचा ब्रेक लागला, कारण आमच्या गाडीत तो तारेने ओढला जाणारा होता. त्याचा द्रवाशी संबंध नव्हता.

म्हणूनच बहुतेक उत्पादक साधारण दोन वर्षांनी हा द्रव बदलायला सांगतात. नळी उघडली किंवा एखादा भाग बदलला, तर आत शिरलेली हवाही काढावी लागते. दोन्ही कामे एकाच रीतीने होतात.

हवा बाहेर कशी काढायची?

चाकाजवळच्या सिलिंडरवर एक लहानसा पोकळ स्क्रू असतो. त्याला निपल म्हणतात. तो थोडा सैल केला की द्रवाला बाहेर पडायला वाट मिळते. हा निपल नेहमी सर्वांत वरच्या टोकाला असतो. का, ते विद्यार्थ्यांना विचारा. बुडबुडे वर चढतात म्हणून! दुरुस्तीत डावा आणि उजवा भाग चुकून अदलाबदल झाला, तर निपल खाली येतो. मग डबाभर द्रव ओतला तरी वरची हवा जागची हलत नाही.

पण मग बुडबुडे आपोआप का निघून जात नाहीत? नळी बारीक असते, तिला चढउतार असतात आणि बुडबुडा नळीच्या भिंतींना धरून बसतो. त्याला ढकलत नेईल असा द्रवाचा प्रवाह हवा.

जुनी रीत दोन माणसांची आहे. एकाने पट्टी दाबायची, दुसऱ्याने निपल उघडायचा, पट्टी तळाला टेकली की निपल बंद करायचा आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. क्रम चुकला की गेलेली हवा परत आत. आम्ही पहिल्यांदा हे केले तेव्हा ‘दाब’, ‘सोड’ असे ओरडण्याच्या नादात वरची टाकी रिकामी झाली, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. दोन तास खपून आम्ही असलेली हवा काढली आणि त्याहून जास्त हवा आत भरली! शिवाय या रीतीत जुन्या सिलिंडरमधला दट्ट्या नेहमीच्या मर्यादेपलीकडे जातो. तेथे गंज असेल तर रबरी वाट्यांना ओरखडे पडण्याची भीती असते.

दाबाची बाटली

यावर उपाय म्हणजे दाबाची बाटली. बागेत फवारणी करायच्या लहान हातपंपासारखीच तिची रचना असते : झाकणात हवा भरायचा पंप, दाब दाखवणारी तबकडी आणि तळापर्यंत गेलेली नळी. नळीचे दुसरे टोक ब्रेकच्या टाकीवर घट्ट बसणाऱ्या एका खास झाकणाला जोडलेले असते. बाटलीत ताजा द्रव भरून वर हवा कोंबली, की द्रव टाकीत, तेथून नळ्यांत आणि उघड्या निपलमधून बाहेर असा एकाच दिशेने वाहत राहतो. मागे यायचा प्रश्नच नाही. एकट्याने काम होते आणि पट्टीला हात लावावा लागत नाही.

पट्टी न दाबता द्रव पुढे कसा जातो? पट्टी मोकळी असताना मुख्य सिलिंडरमधले एक बारीक छिद्र उघडे असते. ते टाकीला नळ्यांशी जोडते. पट्टी दाबली की दट्ट्या पुढे सरकून ते छिद्र बंद करतो आणि त्यानंतरच मोठा दाब तयार होतो. म्हणून बाटलीने काम करताना पट्टी दाबायची नाही.

यातूनच दुसरी महत्त्वाची गोष्ट निघते. नळ्या ७५ पट दाब रोज सोसतात, पण टाकी त्या दाबापासून कायम अलग असते. ती साधी प्लॅस्टिकची असते. म्हणून बाटलीत दाब फार ठेवायचा नाही. १० ते १५ पीएसआय पुरतो. हा दाब मोटारीच्या चाकात भरतो त्या हवेच्या सुमारे निम्मा. अधिक दाबाने काम लवकर होत नाही, टाकी मात्र फुटू शकते.

प्रत्यक्ष काम

१. गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करा. चाकांना ओट लावा. चाक काढावे लागले तर गाडी केवळ जॅकवर ठेवू नका. खाली भक्कम लोखंडी स्टँड हवाच. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे घाला.

२. टाकीचे झाकण पुसून मगच उघडा. जुना द्रव सिरिंजने काढून घ्या आणि झाकणावर लिहिलेल्या प्रकारचा, सीलबंद डब्यातला नवा द्रव भरा. बरेच दिवस उघडा राहिलेला डबा वापरू नका. इंजिनाचे तेल तर चुकूनही नको. त्याने रबरी भाग फुगून निकामी होतात.

३. बाटली आधी रिकामीच जोडा आणि हवा भरा. तबकडीचा काटा पाच मिनिटे स्थिर राहिला तर जोड घट्ट आहे. गळती असेल तर या वेळी फक्त हवा जाईल. मग दाब सोडून बाटलीत द्रव भरा आणि पुन्हा दाब द्या.

४. सर्वसाधारणपणे सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. म्हणून बहुधा मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा क्रम येतो. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो. गाडीच्या पुस्तिकेचे म्हणणे अंतिम मानावे.

५. निपलवर पारदर्शक नळी बसवा. तिचे दुसरे टोक थोडा द्रव असलेल्या बाटलीत बुडलेले ठेवा. रिंग पान्याने निपल पाव ते अर्धा फेरा सैल करा. आधी काळपट द्रव येईल, त्याबरोबर बुडबुडे येतील. स्वच्छ द्रवाची अखंड धार दिसू लागली की निपल बंद करा. तो नाजूक असतो, पान्यावर लोंबकळू नका.

६. मधूनमधून दाबाच्या बाटलीतील पातळी पाहत राहा. ती संपली तर टाकीत हवा जाईल आणि पुन्हा पहिल्यापासून!

७. चारही चाके झाल्यावर आधी बाटलीतला दाब सोडा, मगच टाकीवरचे झाकण काढा. हा क्रम उलटला तर द्रवाचे कारंजे अंगावर आणि गाडीच्या रंगावर उडेल. हा द्रव रंग खातो. सांडल्यास भरपूर पाण्याने लगेच धुवा.

८. टाकीतली पातळी खुणेइतकी करा. इंजिन बंद ठेवून पट्टी दाबा. ती वरच्या वरच कडक लागली पाहिजे. इंजिन सुरू केल्यावर ती किंचित खाली जाते, ते साहाय्यक उपकरणामुळे. पाय दाबून ठेवला असता ती हळूहळू खाली जात राहिली, तर कुठेतरी गळती आहे, असे समजावे. निपल कोरडे असल्याची खात्री करून मोकळ्या जागेत अगदी कमी वेगात ब्रेक तपासा.

काढलेला द्रव गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. बंद डब्यात, नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा आणि गॅरेजच्या टाकाऊ द्रवांबरोबर द्या.

कुठे थांबायचे?

घरी करता येते याचा अर्थ कोणीही, कधीही करावे असा नाही. चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा असलेल्या काही गाड्यांत हवा तिच्या झडपांमध्ये अडकते. त्या झडपा उघडायला संगणकाचे उपकरण लागते, ते गॅरेजचे काम. निपल गंजून बसला असेल तर जोर लावू नका, तो मोडतो. पहिली एकदोन वेळा जाणत्या माणसाच्या सोबतीनेच करा. इतर दुरुस्तीत चूक झाली तर गाडी चालू होत नाही. येथे चूक झाली तर गाडी थांबत नाही.

आणि हवा काढून झाली, द्रव नवा भरला, तरी घाट उतरताना खालचा गिअर हवाच. ६५ लाख ज्यूल कुठेतरी जाणारच आहेत. ते शक्य तितके इंजिनाला घेऊ द्यावेत.

वर्गासाठी काही प्रश्न

१. पाणी सहज मिळते, स्वस्त आहे आणि दाबले जात नाही. मग ब्रेकमध्ये पाणीच का भरत नाहीत? (किमान दोन कारणे सांगा.)

२. दाबाची बाटली हवेच्या दाबाइतकाच जादा दाब देते असे समजा. नळीतल्या २ घ.सें.मी. बुडबुड्याचे आकारमान आता किती होईल?

३. मुख्य दट्ट्याचा व्यास निम्मा केला तर चाकावरचे बल चौपट होईल. मग तसे का करत नाहीत?

४. तुमच्या गावातील गॅरेजमध्ये जाऊन हवा काढण्याची कोणती रीत वापरतात ते पाहा. मेस्तरींना निपल वरच्या बाजूलाच का असतो, ते विचारा. त्यांचे उत्तर आणि पुस्तकातले उत्तर ताडून पाहा. दोन्ही एकच निघतील, फक्त शब्द वेगळे असतील.